विश्लेषण : पहिल्याच ‘ग्रुप रन’ला सगळ्यांत मागे राहिलो तर? अमरावती-अकोल्यातील नवख्या धावपटूंनी काय जाणून घ्यावे?

शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर निरोप येतो : ‘उद्या सकाळी साडेपाच, नेहमीच्या गेटवर. ५ किमी आणि १० किमी. नवीन मंडळींचे स्वागत.’ वाचणारा बहुधा चाळिशीच्या आसपासचा असतो. नोकरी बैठी, पोट सुटलेले, नुकत्याच केलेल्या तपासणीत साखर काठावर निघालेली. ‘येतो’ असे तो टाइप करतो आणि पुसून टाकतो. गुडघ्यांपेक्षा त्याला भीती असते ती सगळे पुढे निघून जातील आणि आपण एकटेच मागे धापा टाकत राहू याची. अमरावती आणि अकोल्यात पहाटे एकत्र धावणाऱ्यांचे गट आता नवे राहिलेले नाहीत. पण पहिल्या दिवशी गेटपर्यंत पोहोचणे हेच अनेकांना सर्वांत अवघड जाते. त्या सकाळी नेमके काय होते, वेग किती ठेवायचा, वऱ्हाडातील ऊन आणि रस्ते यांचे काय करायचे आणि कोणी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवे, याचा हा आढावा.

‘ग्रुप रन’ म्हणजे नेमके काय?

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागेवरून काही जणांनी मिळून धावणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. ही शर्यत नसते. छातीवर क्रमांक नसतो, पदक नसते आणि बहुतेक ठिकाणी शुल्कही नसते. मॅरेथॉन स्पर्धा वर्षातून एकदा होते, ग्रुप रन दर आठवड्याला होतो. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून, मुंबई मॅरेथॉन २००४ पासून आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून धावली जात आहे. या स्पर्धांची तयारी करणारे एकमेकांना शोधू लागले आणि त्यातून शहरोशहरी असे गट उभे राहिले. पुढे स्पर्धेशी काही देणेघेणे नसलेली, फक्त तब्येतीसाठी धावणारी मंडळीही त्यांत आली.

जगात या कल्पनेचे सर्वांत गाजलेले रूप म्हणजे ‘पार्करन’. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-हेविट यांनी १३ जणांना घेऊन ५ किलोमीटरची पहिली धाव घेतली. ते स्वतः तेव्हा दुखापतीमुळे धावू शकत नव्हते. धावणाऱ्या मित्रांची संगत तुटू नये, हा त्यांचा हेतू होता. आज अनेक देशांत दर शनिवारी सकाळी असे मोफत उपक्रम होतात. भारतात पार्करन नाही, पण आपल्याकडील रविवारच्या गटांचा गाभा तोच आहे : वेळ ठरलेली, अंतर ठरलेले आणि येईल त्याला जागा.

त्या सकाळी काय घडते?

क्रम जवळपास सगळीकडे सारखाच असतो. ठरलेल्या वेळेच्या १०-१५ मिनिटे आधी लोक जमू लागतात. नव्या माणसाचे नाव, पूर्वी किती धावलात, काही आजार आहे का, एवढे विचारले जाते. त्यानंतर अंग मोकळे करण्याचे व्यायाम : जागच्या जागी चालणे, गुडघे उचलणे, घोटे फिरवणे, हलकी उडी. थंड अंगाने एकाच जागी उभे राहून स्नायू ताणत बसण्यापेक्षा अशा हालचालींनी शरीर लवकर तयार होते. ताणण्याचे व्यायाम शेवटी करायचे असतात.

मग अंतरानुसार आणि वेगानुसार गट पडतात. येथे ‘पेस’ हा शब्द कानावर पडतो. पेस म्हणजे एक किलोमीटर कापायला लागणारी मिनिटे. ‘आठच्या पेसने’ म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटे. या हिशोबाने ५ किलोमीटरला ४० मिनिटे लागतात. नऊच्या पेसने ४५ आणि दहाच्या पेसने ५० मिनिटे. भरभर चालणारा माणूस साधारण दहा ते अकरा मिनिटांत किलोमीटर कापतो. म्हणजे नवख्या धावपटूचा आणि भरभर चालणाऱ्याचा वेग यांत फारसे अंतर नसते. हे आधी कळले, तर अर्धी धास्ती तिथेच कमी होते.

मार्ग बहुधा ‘जाऊन परत’ असा असतो : अडीच किलोमीटर पुढे, तिथून वळून तेवढेच मागे. नवख्यासाठी हा मार्ग सोयीचा असतो. दमला तर तो आधीच वळू शकतो आणि परतणाऱ्या गटात मिसळू शकतो. धाव संपल्यावर पाच-दहा मिनिटे चालणे, मग पोटऱ्या आणि मांड्या ताणणे, मोबाइलवर एक फोटो आणि शेवटी टपरीवर चहा-पोहे. नव्या माणसाची खरी ओळख या चहावर होते. अनेक जण दुसऱ्या रविवारी परत येतात, ते त्या चहासाठीच.

मागे राहिलो तर?

कोणीतरी मागे राहणारच, हे धरूनच चांगले गट चालतात. त्यासाठी एक अनुभवी धावपटू मुद्दाम सर्वांत शेवटी धावतो. त्याला ‘स्वीपर’ म्हणतात. पार्करनमध्ये तर शेवटून चालत येणारा स्वयंसेवक दर आठवड्याला नेमलेलाच असतो, म्हणजे सहभागी झालेला कोणीच शेवटचा ठरत नाही. तेथे ५ किलोमीटरची सरासरी वेळ गेल्या २० वर्षांत वाढत गेली आहे. हळू धावणारे आणि चालणारे लोक मोठ्या संख्येने आल्याचे ते लक्षण आहे आणि संयोजक याकडे यश म्हणूनच पाहतात.

आपल्याकडे स्वीपर हा शब्द न वापरताही हे काम होत असते. ‘चाला भाऊ, मी आहो ना मांगं,’ एवढे एखाद्याने म्हटले, तरी पुढचा किलोमीटर निघून जातो. म्हणून पहिल्यांदा जाण्याआधी गटाच्या संयोजकाला तीन प्रश्न विचारावेत : सर्वांत हळू गटाचा पेस किती असतो? शेवटी कोणी थांबते का? मध्ये चालले तर चालते का? उत्तरे गुळमुळीत आली किंवा ‘आधी स्टॅमिना वाढवा, मग या’ असे सांगितले गेले, तर तो गट स्पर्धेची तयारी करणाऱ्यांचा आहे असे समजावे. त्यांचे काही चुकत नाही, पण नवख्याची जागा दुसऱ्या गटात आहे.

वेग किती ठेवायचा?

सर्वांत सोपी कसोटी बोलण्याची. धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग बरोबर आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग जास्त झाला आहे. घड्याळ, ॲप, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा यांपैकी कशाचीही सुरुवातीला गरज नाही.

धावणे आणि चालणे आलटून पालटून करणे ही दुसरी युक्ती. अमेरिकेचे ऑलिम्पियन धावपटू जेफ गॅलोवे यांनी १९७० च्या दशकात नवख्यांना शिकवताना ही पद्धत रूढ केली. एक मिनिट धावणे आणि दीड-दोन मिनिटे चालणे, असे सुरुवातीचे प्रमाण ठेवता येते. दम लागण्याची वाट न पाहता आधीच चालायला लागायचे, हे त्यातले मर्म. जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये मांडलेला ‘काउच टू ५के’ हा कार्यक्रम याच तत्त्वावर उभा आहे. आठवड्यातून तीन दिवस, असे नऊ आठवडे. सोफ्यावर बसणाऱ्या माणसाला सलग ५ किलोमीटर धावण्यापर्यंत नेणे, हे त्याचे ध्येय.

नऊ आठवडे कशासाठी? हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात. स्नायूही लवकर जोम धरतात. पण स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडे यांना जुळवून घ्यायला त्याहून बराच जास्त काळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता दम लागत नाही’ म्हणून माणूस अंतर दुप्पट करतो आणि नडगी, टाच किंवा गुडघा धरून घरी बसतो. नवख्यांच्या दुखापतींची ही नेहमीची कहाणी आहे.

गटात पाय आपोआप वेगात का पडतात?

याचे उत्तर जवळपास शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये शोधले गेले. ओटो कोहलर या मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात एका नौकानयन क्लबच्या सदस्यांवर प्रयोग केले. एकट्याने वजन उचलताना जो लवकर थकत होता, तोच जोडीदारासोबत उचलताना जास्त वेळ टिकत होता. आपल्यामुळे गट अडू नये, ही भावना त्यामागे होती. याला ‘कोहलर परिणाम’ म्हणतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये तेथील नौकानयनपटूंवर केलेल्या अभ्यासात, तेवढाच व्यायाम एकट्याने करण्यापेक्षा एकत्र केल्यावर वेदना सोसण्याची क्षमता जास्त वाढलेली आढळली.

२०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सुमारे ११ लाख धावपटूंच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या. मित्र जास्त धावला की त्या दिवशी आपणही थोडे जास्त धावतो, असे त्यातून दिसले. धावणे संसर्गजन्य आहे, असा त्याचा अर्थ.

हा फायदा आहे तसा धोकाही. पहिल्याच दिवशी उत्साहात माणूस पुढच्या गटाच्या मागे लागतो. पहिला किलोमीटर साडेसहा मिनिटांत जातो आणि तिसऱ्या किलोमीटरला पाय उचलत नाहीत. मग ‘आपल्याला जमत नाही’ अशी समजूत घट्ट होते. खरे तर धावणे जमलेले असते, चुकलेला असतो तो फक्त पहिला किलोमीटर. तो मुद्दाम हळू, जवळजवळ कंटाळा येईल इतका हळू काढावा.

वऱ्हाडातील उन्हाचे काय?

मुंबई-पुण्याच्या धावपटूंचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालत नाही. अकोल्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवे नाही. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्हा प्रशासनाने महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू केले. कामगारांसाठी पाणी आणि पंख्यांची सोय करण्याचे, खासगी शिकवण्यांच्या वेळा बदलण्याचे आदेश त्यात होते. अशा दिवसांत रात्रही पुरती थंड होत नाही. सूर्य उगवण्याआधीच भिंती, डांबर आणि हवा तापलेली असते.

म्हणून सुरुवात करायला उत्तम काळ दिवाळीनंतरचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आरामात बसतो. या काळात अडचण असते ती अंधाराची. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेपाचला निघणारा गट बराच वेळ अंधारातच धावतो. मे-जूनमध्ये पावणेसहाच्या आतच उजाडते. तेव्हा पाचला निघून सहापर्यंत आटोपणे शहाणपणाचे. पावसाळ्यात कच्च्या वाटा विसराव्यात. वऱ्हाडातील काळी माती ओली झाली की बुटाला अशी चिकटते, की चार पावलांत पाय दुप्पट जड होतो.

उन्हाची सवय शरीराला लागते, पण त्यासाठी साधारण एक ते दोन आठवडे हळूहळू वाढवत नेलेला सराव लागतो. मार्चमध्ये पारा चढू लागला की वेग आपोआप कमी होतो. घड्याळाशी भांडू नये. डोके दुखणे, मळमळ, अंगावर काटा येणे, तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही उष्माघाताकडे नेणारी चिन्हे आहेत. अशा वेळी धाव तिथेच थांबवून सावलीत नेणे, कपडे सैल करणे, अंगावर पाणी ओतून वारा घालणे आणि १०८ ला फोन करणे, हा क्रम लक्षात ठेवावा.

पाणी किती प्यावे, हाही नेहमीचा प्रश्न. पाऊण तासाच्या धावेसाठी निघण्याआधी ग्लासभर आणि आल्यावर तहानेप्रमाणे पुरते. उन्हाळ्यात चिमूटभर मीठ घातलेले लिंबूपाणी किंवा ताक उत्तम. मात्र भीतीपोटी लिटरच्या लिटर साधे पाणी पिणेही घातक आहे. त्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

कुठे धावावे, कोणते रस्ते टाळावेत?

बंदिस्त आवार सर्वांत सुरक्षित. अमरावतीत जोग स्टेडियम, विभागीय क्रीडा संकुल आणि शहरातील मैदाने, तर अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगण, शास्त्री स्टेडियम आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा झाडीचा विस्तीर्ण परिसर, हे पर्याय नवख्याने आधी पाहावेत. प्रवेशाच्या वेळा आणि नियम मात्र आधी विचारून घ्यावेत.

अमरावतीत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. शहराच्या पूर्वेला वडाळी-पोहऱ्याचे जंगल लागून आहे. विद्यापीठ परिसर, वडाळी आणि छत्री तलावाच्या बाजूला बिबट्याचा वावर वेळोवेळी आढळला आहे. त्यामुळे त्या दिशेला अंधारात एकट्याने जाऊ नये, उजाडल्यावर आणि गटानेच जावे, आपसात बोलत राहावे आणि वन विभागाने सूचना दिली असेल तर तो मार्ग सोडून द्यावा. भटकी कुत्री दोन्ही शहरांत आहेत. कुत्रे अंगावर आले तर पळू नये, थांबून चालायला लागावे.

सर्वांत मोठा धोका मात्र वाहनांचा. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. गुळगुळीत रस्ता पाहून धावण्याचा मोह होतो. पण तो भरधाव वाहनांचा रस्ता आहे, पहाटे चालकही डुलकीत असतो. शहरातील रस्तेही निर्धोक नाहीत. मार्च २०२३ मध्ये मुंबईत वरळी सी-फेसवर सकाळी धावणाऱ्या, नियमित मॅरेथॉन पळणाऱ्या एका महिलेचा भरधाव मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला होता.

नियम साधे आहेत. पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे. दोघांपेक्षा जास्त जणांनी शेजारी-शेजारी रांग धरू नये. फिकट किंवा चमकणाऱ्या पट्टीचे कपडे घालावेत. कानात इअरफोन नकोत. खिशात नाव, रक्तगट आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, कारण कुलूपबंद मोबाइलचा अशा वेळी उपयोग होत नाही.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासानुसार (२०२३) देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पहाटे गेटवर येणाऱ्या नव्या चेहऱ्यांपैकी अनेकांना तिथे आणणारे कारण हेच असते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासाप्रमाणे भारतातील निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. महिलांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सुचवते. रविवारी ४५ मिनिटे आणि मध्ये दोन दिवस अर्धा-अर्धा तास धावले, तर जोरकस व्यायामाची किमान मर्यादा गाठली जाते.

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा, किंवा घरात कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झाल्याचा इतिहास, यांपैकी काही असेल किंवा चालतानाही छातीत दडपण येत असेल, तर धावण्यापूर्वी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे. अनेक वर्षे काहीच व्यायाम न केलेल्या चाळिशीपुढील व्यक्तीनेही तेच करावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर धावताना एकदम कमी होऊ शकते. त्यांनी उपाशीपोटी धावायचे की नाही हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि आपल्याला मधुमेह आहे हे शेजारच्याला सांगून ठेवावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

धावताना हृदय बंद पडेल, ही भीती मात्र आकड्यांत मोजून पाहावी. अमेरिकेतील मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमध्ये २००० ते २०१० या काळात धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींपैकी ५९ जणांचे हृदय अचानक थांबले, असे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील अभ्यास सांगतो. म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांत एक. जे वाचले, त्यांच्या बाबतीत शेजाऱ्याने लगेच छाती दाबून दिलेला सीपीआर निर्णायक ठरला. प्रत्येक गटात दोघा-चौघांना तरी सीपीआर येत असावा, हा यातला धडा. छातीत दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम, अंधारी यांपैकी काहीही जाणवले, तर ‘थोडेच राहिले’ म्हणून रेटू नये.

महिलांना काय अडचणी येतात?

पहिली अडचण घरातच असते. साडेपाचला बाहेर पडायचे तर डबा, पाणी, मुलांची शाळा यांची सोय कोणीतरी करावी लागते. ‘एवढ्या पहाटे कुठं चालली?’ हा प्रश्न वेगळाच. दुसरी अडचण अंधाराची आणि रिकाम्या रस्त्याची. म्हणूनच एकटीने धावण्यापेक्षा गट महिलांना जास्त उपयोगाचा ठरतो. मात्र तो गट महिलांसाठी सोयीचा आहे का, हे पाहावे लागते. आणखी किती जणी येतात, शेवटी थांबणाऱ्यांत कोणी महिला असते का, जवळ स्वच्छतागृह आहे का, फोटो टाकण्याआधी विचारले जाते का, हे प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

कपड्यांचाही संकोच असतो. पंजाबी ड्रेस, ट्रॅक पँट, सैल टी-शर्ट, काहीही चालते. ओढणी किंवा लोंबणारे काही पायात येणार नाही एवढे पाहावे. नेमक्या मापाची स्पोर्ट्स ब्रा मात्र बुटाइतकीच गरजेची आहे. लता करे यांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातील आणि पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या कुटुंबातील या साठी ओलांडलेल्या बाईंनी २०१३ मध्ये पतीच्या तपासणीच्या खर्चासाठी बारामतीतील ज्येष्ठांची शर्यत नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी जिंकली. त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपटही आला. ती गरिबीने लादलेली धाव होती, अनवाणी धावण्याचा सल्ला म्हणून तिच्याकडे पाहू नये. पण धावायला काय घातले आहे यावर काही अडत नाही, एवढे तिने दाखवून दिले.

खर्च किती? बूट कोणते?

खर्च खरा तो बुटांचाच. महागडा बूट दुखापत टाळतोच असे नाही. पायाला आरामशीर वाटणारा बूट हाच चांगला. संध्याकाळी खरेदी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानातच चार पावले पळून पाहावे. क्रिकेटचे किंवा कॅनव्हासचे पातळ तळाचे जुने बूट टाळावेत. नवे बूट थेट रविवारी घालू नयेत, आधी दोन-तीन दिवस घालून चालावे. मोजे शक्यतो सुती नकोत. घामाने ते ओले राहतात आणि फोड येतात. स्मार्ट घड्याळ, जेल, पट्टे यांवर पहिल्या तीन महिन्यांत एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही.

‘या वयात कायले पयते?’

वऱ्हाडीत पळणे म्हणजे ‘पयणे’. हा प्रश्न नातेवाईक, शेजारी आणि चौकातले ओळखीचे हमखास विचारतात. खरे तर मिळून घाम गाळण्याची परंपरा या भागाला परकी नाही. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पायाभरणी केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी, मल्लखांबासारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. आखाड्यात नवख्याला पहिल्या दिवशी कोणी कुस्ती लावत नाही. आधी माती उकरायला, मग जोर-बैठका मारायला लावतात. रस्त्यावरच्या गटानेही नवख्याला तेवढाच वेळ द्यावा, अशी अपेक्षा चुकीची नाही.

दुसऱ्या दिवशी काय?

सोमवारी जिना उतरताना मांड्या बोलतील. हे दुखणे एक-दोन दिवसांत वाढते आणि मग ओसरते. दोन्ही पायांत सारखे, स्नायूंत पसरलेले दुखणे असेल तर काळजी नाही. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असे, हाडावर किंवा सांध्यात टोचणारे दुखणे असेल, सूज असेल किंवा लंगडावे लागत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सोमवारी पूर्ण विश्रांती किंवा हलके चालणे, बुधवारी २०-२५ मिनिटे धाव-चाल, शुक्रवारी पुन्हा तेवढीच आणि रविवारी गट. आठवडाभराचे एकूण अंतर हळूहळूच वाढवावे आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा कमी धावावे.

पहिल्या रविवारी ५ किलोमीटरपैकी दोन धावून तीन चालले, तरी ती धाव पूर्ण धरावी. किती मिनिटे लागली हे कुणी लक्षातही ठेवत नाही. पुढच्या शनिवारी रात्री ‘उद्या साडेपाच’ असा निरोप पुन्हा येईल. या वेळी ‘येतो’ असे टाइप केलेले पुसले गेले नाही, तर पहिल्या धावेचे काम झाले असे समजावे.